पुलापलीकडची लिंक

मावशी : आधी तोंड तिकडं फिरव. भिंतीकडं. मग टाकते मी पासवर्ड.

भाची : मावशी, तूच मला बोलावलंस ना, साइट बघायला?

मावशी : साइट बघायला बोलावलंय, पासवर्ड बघायला नाही. सख्ख्या बहिणीची मुलगी असलीस म्हणून काय झालं! त्या वेबवाल्यालासुद्धा मी असंच भिंतीकडं उभं करायची. फिरव.

भाची : घे, फिरवलं. काका, हसू नका हं.

काका : मी कुठं हसतोय? मी बॉबिनकेस साफ करतोय.

मावशी : ते तोंडात फडकं कोंबून साफ करतात वाटतं! हं, झालं. वळ आता.

भाची : बरं, ऐक. येताना मी माझ्या फोनवर 'शिलाई मशीन दुरुस्ती' असं शोधलं. आपलं दुकान तिसऱ्या पानावर निघालं. तिसऱ्या पानापर्यंत कुणी जात नाही गं. पहिल्या पानावरच दुकान सापडलं की माणूस फोन लावून मोकळा होतो.

मावशी : आणि पहिल्या पानावर कोण बसलंय? सांग ना. तुझ्या काकांनाही ऐकू दे.

भाची : धाकटे काका.

मावशी : बघा! तुमचे लाडके बंधुराज! पुलापलीकडं स्वतःचं दुकान थाटलं, त्यावर समाधान नाही. उन्हाळ्यापर्यंत आपण वर होतो. मग असं काय झालं की आपण एकदम तळाला? काहीतरी कारस्थान केलंय त्यानं. मला वासच येतोय.

काका : तो मशिनच्या तेलाचा असेल.

मावशी : करा चेष्टा. सोमवारी त्या कपड्यांच्या कारखान्यात नोकरीला हो म्हणायला निघालात, ती पण चेष्टाच का?

भाची : म्हणजे काका, खरंच दुकान बंद करणार?

काका : करायचं काय मग? शटर उघडून रस्त्यावरची माणसं मोजत बसायचं? त्यांना मशिनं सांभाळायला माणूस हवाय. ओळीनं मशिनं, सगळी एकसारखी. तेल घालायचं, पट्टे बदलायचे. वाईट नाही काम.

मावशी : वाईट नाही म्हणे! आठवडाभर माणूस ताटातला घास चिवडतोय. बापानं घालून दिलेलं दुकान आहे, म्हणून म्हटलं तुला, जरा बघ. नाहीतर मी कशाला कुणाला हात लावू देते त्या साइटला?

भाची : बघते. पण हे पान खाली एवढं लांब का? नुसतंच पांढरं दिसतंय. थांब, माउसनं निवडून बघते.

मावशी : अगं बाई! हे काय बाहेर आलं?

भाची : पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहून ठेवलंय. 'मशीन दुरुस्ती, स्वस्त मशीन दुरुस्ती, उत्तम मशीन दुरुस्ती, जवळची मशीन दुरुस्ती...' संपतच नाहीये. माणसाला दिसत नाही, पण सर्चला, म्हणजे दुकानं शोधून देणाऱ्या यंत्रणेला, वाचता येतं.

मावशी : हे भाऊजींचंच काम! गुपचूप येऊन लिहून गेले असणार.

भाची : कसे येतील? पासवर्ड तर फक्त तुझ्याकडं आहे.

मावशी : त्या माणसाचं काही सांगता येत नाही.

भाची : अगं, हा तुझ्या वेबवाल्याचा प्रताप आहे. लोक जे शब्द टाकून शोधतात ते कीवर्ड. ते असे पानात कोंबले की दुकान वर येतं, असा समज होता. आता उलट सर्चला राग येतो. एकच गोष्ट शंभरदा बडबडणाऱ्या माणसावर तू विश्वास ठेवशील का?

मावशी : एकदाच बोलणाऱ्यावर तरी कुठं ठेवते?

काका : हे मात्र अगदी खरं.

भाची : हे मी पुसून टाकते. त्याऐवजी तुम्ही खरंच काय दुरुस्त करता ते साध्या भाषेत लिहू. पण एवढ्यावरून कुणी तिसऱ्या पानावर जात नाही. लिंका बघू आपल्या.

मावशी : हां, त्या लिंका. त्या वेबवाल्यानं पण हेच चालवलं होतं. नीट सांग बरं, लिंक म्हणजे नेमकं काय?

भाची : दुसऱ्याच्या साइटवरून आपल्याकडं यायची वाट. समज, एखाद्या शिवणवर्गानं त्यांच्या पानावर लिहिलं, 'मशीन बिघडलं तर या दुकानात जा.' त्या शब्दांवर बोट ठेवलं की आपली साइट उघडते. दुसऱ्याच्या तोंडून आपलं नाव आलं की सर्च म्हणतं, दुकान भरवशाचं दिसतंय. मग आपल्याला वर बसवतं.

मावशी : म्हणजे दुसऱ्यानं आपली शिफारस करायची. फुकटात कोण करतंय?

भाची : करतात की. हा बघ शिवणवर्ग. हे नाटकाचे कपडे शिवणारे. आणि हे... मावशी, इथं एक वेगळीच सूचना दिसतेय.

मावशी : कसली?

भाची : आपल्याकडून सर्चला कळवलंय की अमुक साइटवरून येणाऱ्या लिंका मोजू नका. आणि ती साइट धाकट्या काकांच्या दुकानाची आहे.

मावशी : हो. मीच कळवायला लावलं.

काका : तू?

मावशी : मग कोण? तुम्ही? तो वेबवाला म्हणाला, 'बाई, एकाच साइटवरून तुमच्याकडं ढीगभर लिंका येतायत.' मी विचारलं, कुणाची साइट? तर यांच्या बंधुराजांची! माझ्या अंगावर काटाच आला. म्हटलं, तोडा. तो म्हणाला, दुसऱ्याच्या साइटवरचं आपल्याला तोडता येत नाही, पण मोजू नका म्हणून सांगता येतं. म्हटलं, सांगा, आत्ताच्या आत्ता!

काका : मला बोलली नाहीस.

मावशी : बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, जाऊ दे. तुमचं सगळं आयुष्य 'जाऊ दे' म्हणण्यात गेलं.

भाची : त्यांनी काय लिहिलंय ते तरी वाचलंस का?

मावशी : मी? त्याचं पान? त्याच्या दुकानात माझं पाऊल नाही आणि त्याच्या पानावर माझं बोट नाही.

भाची : हे कळवलंस कधी?

मावशी : शिवणवर्गांना उन्हाळ्याची सुट्टी लागली तेव्हा.

भाची : आणि आपण खाली कधी आलो?

मावशी : त्यानंतर थोड्याच दिवसांत. पण त्याचा काय संबंध?

भाची : अगं मावशी, सगळा संबंध तोच आहे! बाकीच्या लिंका दोन-चारच. आपल्याला वर धरून ठेवलं होतं ते धाकट्या काकांनी. आणि आपणच जाऊन सांगितलं, त्यांचं ऐकू नका.

मावशी : शक्य नाही. त्याला काय पडलंय आपलं? दुकानातून जाताना गिऱ्हाइकांचे नंबर घेऊन गेलेला माणूस तो.

काका : नव्हता घेऊन गेला.

मावशी : तुम्हाला काय माहीत?

काका : मला माहीत आहे आणि तुलाही. तू त्याला उंबऱ्यात थांबवलंस आणि पिशवी उघडून दाखवायला लावलीस. आत काय निघालं? त्याचा पेचकस आणि तेलाची बाटली. लहानपणी मी ज्याला कडेवर घेऊन फिरलो, त्याच्या पिशवीची माझ्यासमोर झडती झाली. आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. त्याचंच मला अजून वाईट वाटतं.

मावशी : मी नुसतं विचारलं होतं.

काका : त्यानंही नुसती दाखवली. आणि गेला.

भाची : मावशी, त्यांचं पान उघडू का?

मावशी : उघड. बघू तरी काय गरळ ओकलीय आमच्या नावानं.

(काका हातातलं फडकं ठेवून कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ येतात. मावशी सरकून त्यांना जागा देत नाही.)

भाची : वाचते. त्यांनी एकेका बिघाडावर एकेक पान लिहिलंय. टाके सुटतात, दोरा गुंततो, सुई मोडते, पायपट्टा निसटतो. घरच्या घरी काय करून बघायचं, सगळं छान समजावलंय. म्हणून तर लोक त्यांच्याकडं जातात.

मावशी : कळलं त्याचं कौतुक. पुढं वाच.

भाची : आणि प्रत्येक पानाच्या शेवटी हे आहे. 'तुमचं मशीन जुनं, लोखंडी असेल तर माझ्याकडे आणू नका. ते काम माझ्याच्यानं होत नाही. ते माझ्या दादाकडे न्या.' 'दादाकडे' या शब्दावर आपली लिंक आहे. प्रत्येक पानावर हेच.

मावशी : बघितलंत? आता कळलं! जड, कटकटीची कामं आपल्या गळ्यात, आणि सुटसुटीत मशिनं स्वतःकडं. म्हटलं नव्हतं मी, वास येतोय म्हणून?

काका : त्याला येतं ते.

मावशी : काय येतं?

काका : जुन्या मशिनचं काम. मीच शिकवलंय. माझ्यापेक्षा चांगलं करतो. मी सुई बघून टाक्याचं टायमिंग लावतो, तो डोळे मिटून नुसत्या आवाजावर लावतो. 'माझ्याच्यानं होत नाही' हे त्यानं खोटं लिहिलंय.

भाची : पण का?

काका : त्या लोखंडी मशिनांवर माझा जीव आहे, हे त्याला ठाऊक आहे म्हणून. आणि तीही त्याच्याकडं गेली तर मी काय करेन, हेही ठाऊक आहे म्हणून.

मावशी : म्हणजे ती माणसं...

भाची : कुठली माणसं?

मावशी : यायची काही जण. जुनं मशीन हातगाडीवर घालून. दारातूनच सांगायची, 'पुलापलीकडून पाठवलंय.' मला वाटायचं, आपला भाव काढायला त्यानं माणसं पेरलीयत. सुट्टीनंतर तर मी ठरवूनच टाकलं होतं.

काका : काय ठरवलं होतंस?

मावशी : त्यांना सांगायची, मास्तर बाहेर गेलेत. कधी येतील सांगता येत नाही.

काका : मी तर आतच असायचो.

मावशी : आतच असायचात.

भाची : ...मावशी, ही सूचना मागं घेता येते. करू?

मावशी : विचारतेस काय, कर की!

भाची : पुन्हा पासवर्ड मागतंय. थांब, फिरते मी भिंतीकडं.

मावशी : राहू दे. तूच टाक. सांगते.

भाची : तुझी तब्येत बरी आहे ना?

मावशी : 'वहिनीला विचारा.' सगळं सलग, इंग्रजी अक्षरांत.

भाची : अगं, हा कसला पासवर्ड!

काका : धाकट्यानंच ठेवला होता. एकत्र होतो तेव्हा साइट त्यानंच तर केली. म्हणाला, या घरात काहीही हवं असलं की प्रत्येक जण शेवटी हेच सांगतो.

भाची : म्हणजे हा पासवर्ड धाकट्या काकांना माहीत आहे? आणि ते गेल्यावर तू तो बदलला नाहीस? तू?

मावशी : कसा बदलतात ते मला येत नव्हतं. कुणाला विचारायला जावं, तर त्याला आधी पासवर्ड सांगावा लागला असता.

भाची : धन्य आहेस! अगं, मनात आणलं असतं तर त्यांनी कधीही आत येऊन सगळी साइट पुसली असती. थांब, कोण कधी आत आलं ते इथं दिसतं. हा आपला दुकानातला कॉम्प्युटर. पुन्हा हाच. पुन्हा हाच. दुसरं कुणी आलेलंच नाही.

मावशी : एकदाही नाही?

भाची : एकदाही नाही.

मावशी : मेलं, मी इतकी वर्षं भिंतीकडं तोंडं फिरवून घेतली लोकांची.

भाची : झालं. सूचना मागं घेतली. पण लगेच वर येणार नाही हं आपण. काही आठवडे जातील. सोमवारच्या आत तर नाहीच.

काका : मग सोमवारी कारखान्यात काय सांगू?

मावशी : नाही म्हणून सांगा.

काका : आणि तोवर?

मावशी : तोवर मी दारात बसेन. पुलापलीकडून जो कुणी येईल, त्याला आधी खुर्ची देईन आणि मग तुम्हाला हाक मारेन. आत असाल ना?

काका : मी कुठं जातोय.

मावशी : आणि काय गं, आपल्या साइटवरून त्याच्याकडं जायला लिंक आहे?

भाची : नाही.

मावशी : घालता येते?

भाची : येते. पण त्यानं आपलं दुकान वर येणार नाही. आलं तर त्यांचंच येईल.

मावशी : मी विचारलं का तुला, कोण वर येईल म्हणून? लिही. 'नवी, कॉम्प्युटरवाली मशिनं इथं आणू नका. ती आमच्याच्यानं होत नाहीत. ती पुलापलीकडं माझ्या दिराकडं न्या.'

भाची : 'माझ्या दिराकडं' या शब्दांवर लिंक देऊ?

मावशी : तिथंच दे.

काका : अगं, पण मला येतात की ती मशिनं.

मावशी : माहीत आहे मला. तू लिही गं.