उजवं खोकं

नवरा : मला ऐकवून दाखवायची गरज नाही. मला आवाज कळतो.

बायको : न ऐकता कळतो? मग उद्याच्या कार्यक्रमात वाजवायलाही नको. नुसते स्टेजवर बसून या.

नवरा : हे बघ. दोन खोकी आहेत. डाव्यातला स्पीकर कारखान्यातून आला तसाच आहे. त्याला वय आहे, त्याला अनुभव आहे. उजव्यातला फाटला आणि तू त्याचा कागद बदललास.

बायको : आणि फाडला कुणी? माइकच्या स्टँडचा पाय त्याच्या पोटात मी नाही घातला.

नवरा : तो अपघात होता.

बायको : होता ना. स्टँडला रेलून पहिल्या रांगेकडे बघून हसायचा अपघात.

नवरा : मुद्दा तो नाही. स्पीकर म्हणजे त्यातला कागद. कागद बदलला की स्पीकर गेला. मागे उरतो पत्रा आणि चुंबक. त्याला मी स्पीकर कशाला म्हणू?

बायको : तुमचे पुढचे चार दात गेल्या वर्षी बदलले. तुम्हाला आम्ही अजून तुम्हीच म्हणतो.

सासू : मी एकदा विचारणार होते.

नवरा : आई, तू बटण लाव.

सासू : लावतेच आहे. तुझ्याच शर्टाचं. पोटावरचंच बटण कसं तुटतं कोण जाणे. तोही अपघातच असेल.

नवरा : दातांनी मी गिटार वाजवत नाही. जुन्या कागदाच्या आवाजाला एक खोली असते, एक ऊब असते…

बायको : ऊब हवी तर स्वेटर घाला.

नवरा : बघ, असं तिरकं बोलतेस म्हणून तुझ्या दुकानात गिऱ्हाईक टिकत नाही.

बायको : का टिकत नाही ते मी सांगते. गिऱ्हाईक येतं. फाटका स्पीकर घेऊन दारात उभं राहतं, कपाटात लावलेली कॉइल बघतं, डिंकाचे डबे बघतं, मान डोलावतं. आणि मग विचारतं, "सर स्वतः कोणता वाजवतात, मॅडम?" मी म्हणते, सर जुना वाजवतात. मग ते म्हणतं, "विचार करून सांगतो." आणि निघून जातं. स्पीकर असा पोटाशी धरून, जसं काही मी त्याच्या पोराला इंजेक्शन देणार होते.

नवरा : मग सांगायचंस खोटं. धंद्यात चालतं.

बायको : खोटं सांगून भागलं असतं तर तुम्हाला विनवण्या केल्या असत्या का? उद्या हॉलमध्ये सगळे गिटारवाले येणार. तुम्हाला ऐकायला नाही, गैरसमज नको. मध्यंतरात स्टेजवर चढून तुमच्या खोक्याच्या मागे वाकून बघायला. तिथे माझं लेबल दिसलं, तर माझं दुकान चाललं. नाही दिसलं, तर सोमवारी सकाळी माझ्या जुन्या विमा कार्यालयात फोन करते. त्यांनी सोमवारपर्यंतच थांबतो म्हटलंय. सांगते, येते परत, माझी खुर्ची पुसून ठेवा.

नवरा : त्यात एवढं काय? एसी आहे तिथे.

बायको : एसी शवागारातही असतो.

नवरा : म्हणजे तुझं दुकान चालावं म्हणून मी भरल्या हॉलसमोर पुठ्ठा वाजवायचा?

बायको : पुठ्ठा आहे की काय आहे ते आई सांगतील. त्या पाठमोऱ्या बसल्याच आहेत. तुम्ही एकदा ह्या खोक्यातून वाजवा, एकदा त्या. दुरुस्त केलेला कोणता ते त्यांनी ओळखायचं.

नवरा : आईला? आईला यातलं काय कळतं?

सासू : तू याच खोलीत शिकलास. मला कळत नव्हतं असं नाही रे. बोलत नव्हते.

नवरा : ठीक आहे. होऊन जाऊ दे. पण खोकं बदलायचा खटका मी दाबणार. माझ्या पायाशी ठेव. तुझा भरवसा नाही.

बायको : घ्या. पायाशी काय, खिशात घाला.

नवरा : आई, ऐक हं. हा एक… आणि आता हा दुसरा. कोणता हिचा?

सासू : दुसरा.

नवरा : वा! आता पुन्हा. हा पहिला… आणि हा दुसरा.

सासू : आता पहिला हिचा.

नवरा : शाब्बास! शेवटचं, हे बघ, मुद्दाम फसवतो तुला. एक… दोन…

सासू : दोन्ही वेळेला हिचाच. गंमत करू नकोस, दोरा सुटतो माझा.

नवरा : ऐकलंस? ऐकलंस ना? जिला दाराची घंटा ऐकू येत नाही, तिलासुद्धा फरक कळतो!

सासू : घंटा येते ऐकू. उठायचा कंटाळा येतो.

नवरा : तेच ते. संपला विषय. डावं खोकं गाडीत ठेव.

बायको : थांबा. आई, तुम्ही ओळखलंत कशावरून?

सासू : तोंडावरून.

नवरा : कुणाच्या तोंडावरून? तू भिंतीकडे बघत होतीस.

सासू : तुझ्या. लहानपणी औषधाचा चमचा पुढे केला की तू एक तोंड करायचास. नाक वर, ओठ खाली. हिच्या खोक्यातून वाजवतोस तेव्हा ते तोंड ऐकू येतं. जुन्यातून वाजवताना कसा, मांजर गोंजारल्यासारखा. आणि हिच्यातून वाजवायची वेळ आली की दुसऱ्याच्या घरची भांडी घासायला बसवल्यासारखा.

नवरा : म्हणजे दोष माझ्या हाताचा?

सासू : हाताचा कुठे म्हटलं मी? तोंडाचा म्हटलं.

बायको : मी काही बोलले नाही हं.

नवरा : तू बोलू नकोसच. फरक आहे की नाही, तेवढं सांग. कामाची शपथ घेऊन सांग.

बायको : आहे. नाही कोण म्हणतंय? नवा कागद कडक असतो. वरचे सूर टोचतात. जुना कागद जेव्हा आला तेव्हा तोही असाच टोचत होता. तुम्ही इतकी वर्षं रोज वाजवलात, चुकलात, परत वाजवलात, तेव्हा कुठे तो सैल पडला. तुम्ही खोली आणि ऊब म्हणता ना, ती त्याच्या नशिबाचे भोग आहेत.

नवरा : झालं तर मग. हाही सैल करून आण, मग वाजवतो.

बायको : सैल वाजवून होतो. मी काय त्याला इस्त्री फिरवू?

नवरा : सैल झाल्याशिवाय मी वाजवणार नाही.

बायको : वाजवल्याशिवाय तो सैल होणार नाही.

सासू : लग्नाच्या पहिल्या वर्षी असंच चालायचं तुमचं. आधी कोण बोलणार यावर आठवडा जायचा. जेवणाचे निरोप माझ्यामार्फत.

नवरा : बरं, असं करू. माझं तोंड वाकडं होतं ना? मग हिलाच वाजवू दे. ही दोन्हीकडे सारखंच वाईट वाजवेल, म्हणजे स्पीकरवर अन्याय नको. खटकाही तूच दाब, घे. मी भिंतीकडे तोंड करतो आणि डोळे मिटून सांगतो कोणता कुठला. पहिल्या सुरात सांगतो.

बायको : मला एकच चाल येते. तुम्ही शिकवलेली. तीही अर्धी.

नवरा : शिकणारी अर्ध्यातून उठून गेली.

बायको : शिकवणारा ओरडत होता.

नवरा : शिकवणाऱ्याला कान होते म्हणून ओरडत होता. चल, कर सुरू. मी वळलो.

बायको : ही घ्या.

नवरा : थांब.

बायको : एवढ्यात ओळखलंत?

नवरा : तुझं तिसरं बोट कुठे आहे?

बायको : तारेवर.

नवरा : तारेवर कुठे? तारेखालच्या धातूच्या पट्टीच्या डोक्यावर ठेवलंस. पट्टीच्या अलीकडे, अगदी खेटून ठेवायचं. इतक्या वर्षांपूर्वी सांगितलं होतं.

बायको : ठेवलं. आता सांगा, कोणतं खोकं?

नवरा : हे ठेवलं? हे बोट आहे की पेपरवेट? विमा कार्यालयातून आणलंस का? शेजारची तार मुकी झाली त्याच्याखाली. परत.

बायको : परत वाजवते. पण आधी सांगा, डावं की उजवं?

नवरा : काय डावं-उजवं?

बायको : खोकं!

नवरा : खोकं गेलं खड्ड्यात. तिथे सूर पडतोय. मनगट बघ स्वतःचं, दाराची कडी अडकल्यासारखं धरलंस. ऊठ. ऊठ तिथून. आण ती गिटार इकडे. आता नुसतं बघ, आणि मध्ये बोलायचं नाही.

(तो तिच्या जागी बसतो आणि वाजवतो. अर्धी चाल संपते, मग राहिलेली अर्धीही. मग तो ती पुन्हा पहिल्यापासून घेतो.)

नवरा : असं. मनगट सैल सोडलं की बोट आपलं आपण जातं जागेवर. एवढं सोपं आहे, पण माणसाने अर्ध्यातून उठून जायचं नसतं.

सासू : आता सरळ आहे.

नवरा : काय सरळ आहे?

सासू : तोंड.

नवरा : …कोणता चालू आहे?

सासू : ते मला नाही सांगता यायचं. आता दोन्हीकडे तूच आहेस.

नवरा : अगं, कोणता लावला होतास तू?

बायको : खटका तुमच्या पायाशी आहे. मी हात लावला नाही, तुम्ही शेवटी ठेवलात तसाच आहे. खाली बघा.

नवरा : उजवा.

बायको : मी काही बोलले नाही.

नवरा : बोलूही नकोस. लगेच नाचायला नको. वर टोचतो तो अजून. सुई टोचल्यासारखा.

बायको : टोचतो.

नवरा : आणि खालचे सूर आखडून बसलेत. नव्या बुटात पाय घालावा तसे.

बायको : बसलेत. खरं आहे.

नवरा : संध्याकाळपर्यंत सलग वाजवला तर?

बायको : थोडा सैल पडेल. पूर्ण नाही. पूर्ण व्हायला तुम्हाला बरेच महिने चुकत बसावं लागेल.

नवरा : आणि एवढ्या जोरात वाजवायचा म्हणजे शेजारी काय म्हणतील?

सासू : शेजाऱ्यांचं सोड. इतकी वर्षं ऐकून तेही सैल झालेत.

नवरा : आई, बटण झालं का?

सासू : झालं. दुहेरी दोऱ्याने लावलंय. उद्या स्टँडला रेललास तरी तुटायचं नाही.

नवरा : आणि खोक्याच्या मागचं हे तुझं लेबल.

बायको : काढू?

नवरा : तिरकं लागलंय.

बायको : मग?

नवरा : मग काय? सरळ लाव. उद्या लोक वाकून बघणार आहेत.