मस्कतची पांढरी भिंत

गीताबाई : मंग मस्कतात भंगारवाला मराठीतून वरडते काय, भाऊ?

उकंडराव : गीता, आधी पाणी पी. मेहकरला गाडी बदलून उन्हातून आलीस, जरा श्वास खाली बसू दे. प्रश्न कुठे पळून जात नाही.

गीताबाई : पाणी पेलं म्या. तुमी उत्तर द्या. परवा कुलदीपचा फोन आला, तवा मी भाजी निवडून राह्यली होती. त्याच्या मांगून साफ ऐकू आलं, "जुनं लोखंड, पत्रे, भंगार." आपल्याच सुरात.

उकंडराव : आखाती देशांत आपली माणसे पुष्कळ आहेत. त्यांतला एखादा पोटासाठी तोच व्यवसाय करीत असणे अशक्य नाही. असंभाव्य आहे, हे मी मान्य करतो. परंतु असंभाव्य आणि अशक्य यांत अंतर आहे.

गीताबाई : तुमचं अंतर ठेवा बाजूले. जिंदगीभर हिवरा आश्रमाच्या शाळेतल्या पोरायले गप्प बसवलं तुमी, मले नोका बसवू. पोळा झाला अन् माहा लेक मस्कतात काकडीच्या शेतावर कामाले म्हणून विमानात बसाले गेला. तवापासून फोनमधी नुसती पांढरी भिंत दिसते. म्हटलं, बाबू, खिडकीतून जरा गाव दाखव. तं म्हणते, माय, इथं एसी असते, खिडकी उघडत नाई. म्हटलं, खोलीतले सोबती दाखव. तं म्हणते, झोपले. भर दुपारी झोपले?

उकंडराव : रात्रपाळीचे असतील.

गीताबाई : काकडीच्या शेडनेटात रातपाळी? भाऊ, आपल्या देऊळगाव राजाच्या अर्ध्या बाया शेडनेटात बियाण्याचं काम करतात. मी बी केलं. फुलं काय लायटीत उमलतात?

उकंडराव : या मुद्द्यावर मी माघार घेतो.

गीताबाई : तुमी हसून राह्यले. मले रातची झोप नाई. आमच्या शेजारच्या बिलकिसचा अकरम आठवते ना तुमाले? त्याले बी असंच एजंटनं फिरायच्या व्हिसावर नेलं. म्हणे, एकडाव तिथं पोचला का काम भेटते, काम भेटलं का कामाचा व्हिसा आपोआप होते. काम भेटलं, व्हिसा नाई भेटला. मालकानं पासपोर्ट ठेवून घेतला अन् मजुरीच्या नावानं नुसतं जेवण दिलं. तक्रार कोणाले करन? तक्रार केली तं पहिले तोच पकडल्या जाते. तो बी बिलकिसशी असाच भिंतीसमोर बसून बोले. "अम्मी, सब ठीक है," म्हणे. मांग भिंतच राहे. म्हणून मले त्या भिंतीचा भेव वाटते.

उकंडराव : गीता, मुलगा सुखरूप आहे. याबाबतीत तू माझ्या शब्दावर विसंब.

गीताबाई : तुमाले कसं माहीत?

उकंडराव : माझ्याशीही त्याचे बोलणे होते.

गीताबाई : काय बोलते?

उकंडराव : प्रकृती उत्तम आहे. दोन्ही वेळ जेवतो. वांग्याची भाजी मात्र ताटात उरवतो.

गीताबाई : वांगं भेटते तिथं?

उकंडराव : ते सार्वत्रिक फळ आहे.

गीताबाई : भाऊ, वहिनी कोठी हाये?

उकंडराव : सोनाळ्याला, माहेरी. तिच्या भावाकडे बारसे आहे.

गीताबाई : कवा गेली?

उकंडराव : सोमवारी. का?

गीताबाई : मंग मोरीत दोन ताटं काऊन हाये?

उकंडराव : सकाळचे एक आणि रात्रीचे एक. मी ताट लगेच घासत नाही, हा माझा दोष समज.

गीताबाई : दोन्ही ताटं ओली हाये. राहू द्या. मी आता तुमच्यासमोरच त्याले फोन लावते. दोघं मिळून पाहू.

उकंडराव : आत्ता नको. तिथले घड्याळ आपल्यामागे असते, मुलगा कामात असेल. मालकासमोर आईचा फोन येणे प्रशस्त दिसत नाही. शिवाय नव्या ठिकाणी माणसाची पहिली प्रतिमा...

गीताबाई : लावला.

(आतल्या खोलीत फोन वाजतो आणि लगेच थांबतो.)

गीताबाई : आत काय वाजलं?

उकंडराव : शेजारी हल्ली घरटी चार फोन आहेत.

गीताबाई : अन् मी लावला का शेजारी कट करतात?

(गीताबाई आतल्या खोलीच्या दारापाशी जाते.)

गीताबाई : कुलदीप. बाहीर ये.

कुलदीप : माय.

गीताबाई : थांब. तिथंच थांब. पहिले मले बसू दे.

कुलदीप : पाणी आणू?

गीताबाई : पाणी नोको. जवळ ये. हात दाखव. पाठ दाखव. कोणी मारलं-झोडलं तं नाई?

कुलदीप : नाई ना माय. मी तिकडं गेलोच नाई.

गीताबाई : पासपोर्ट कोणाजवळ हाये?

कुलदीप : मामाच्या कपाटात.

गीताबाई : तुहाच?

कुलदीप : माहाच.

गीताबाई : मंग ठीक हाये. मंग सारं ठीक हाये. देवा बालाजी. आता सांगा, पहिले कोणाले हाणू? तुले का या मास्तरले?

उकंडराव : वयाचा मान ठेवायचा तर प्रारंभ माझ्यापासून होईल. तथापि एवढे नोंदव, की मुलाविषयी मी एकही असत्य वाक्य उच्चारले नाही. सुखरूप आहे म्हणालो, तो आहे. जेवतो म्हणालो, तो जेवतो. वांग्याविषयी तर तूच खात्री करून घे.

गीताबाई : भाऊ, तुमी चूप बसा. कुलदीप, तू बोल. तुले जालन्याच्या गाडीत बसवून दिलं, गाव जमलं होतं. मंग काय झालं?

कुलदीप : मुंबईले विमानतळाच्या बाहीर उभा होतो. एजंटनं शेताचं नाव सांगतलं होतं, पण नंबर मांगतला का म्हणे, तिथं माणूस घ्यायले येईन. त्या माणसाचं नाव विचारलं तं फोन ठेवून दिला. मले कसंतरीच झालं. मंग म्या नेटवर शोधून त्या शेताचा नंबर काढला अन् लावला. म्हटलं, साहेब, मी कुलदीप, आज येऊन राह्यलो.

गीताबाई : मंग?

कुलदीप : तिकडचा मॅनेजर म्हणे, कौन कुलदीप? आमी कोणाले बोलावलंच नाई. मंग विचारते, व्हिसा कोणता हाये? म्हटलं, फिरायचा. तं सरळ म्हणे, येऊ नको बेटा. फिरायच्या व्हिसावरच्या माणसाले काम दिलं तं आमाले दंड अन् तुले जेल. विमानात बसू नको.

गीताबाई : भला माणूस. कोठचा होय तो?

कुलदीप : केरळचा. त्याचं हिंदी तुह्यासारखंच हाये.

गीताबाई : मंग चांगलंच असन. पुढं सांग.

कुलदीप : मी तसाच फोन धरून उभा. रडायच्या घाईले आलतो. त्याले आवाजावरून समजलं असन. म्हणे, काम काय येते तुले? म्हटलं, काकडीचं बियाणं. मादी कळी आदल्या संध्याकाळी बांधून ठेवतो, सकाळी उघडून नर फूल लावतो, परत बांधतो अन् खुणेचा दोरा लावतो. आमच्या गावातल्या दीपकभाऊच्या शेडनेटात सारं मीच पाहो. तं म्हणे, असा माणूस आमाले पाहिजेच. घरी जाय, आठ दिवसानं व्हिडिओवर काम करून दाखव. जमलं तं आमीच परमिट काढू. पहिले नोकरी, मंग कामाचा व्हिसा, मंग तिकीट. उलटं करू नको.

उकंडराव : हेच मी त्याला निघण्यापूर्वी सांगितले होते. ज्या कामासाठी परवाना, ते कामच अस्तित्वात नसेल तर परवाना कशाचा? परंतु मी तर्काने सांगितले, म्हणून कोणाला पटले नाही. केरळच्या गृहस्थांनी तेच हिंदीत सांगितले, ते पटले.

गीताबाई : अन् एजंट?

कुलदीप : फोन उचलत नाई. मामानं त्याच्या नावानं पोलिसात अर्ज देल्ला. सात पानांचा.

उकंडराव : विषयच तसा होता.

गीताबाई : बरं, मंग तो व्हिडिओ कोठी केला?

कुलदीप : इथंच, घरामांगच्या वाडग्यात. मामीच्या काकडीच्या येलावर. मामानं फोन धरला होता.

गीताबाई : म्हणजे वहिनीले बी माहीत. साऱ्यायले माहीत, एक मी सोडून. अन् फोन यायनं धरला? मंग इंटरव्यू तुहा झाला का यायचा?

उकंडराव : मी केवळ प्रास्ताविक केले. उमेदवार कोणत्या भूमीतून येतो, तेथे बियाण्याची परंपरा कशी रुजली, याची थोडी पार्श्वभूमी दिली.

कुलदीप : मॅनेजर म्हणे, काकाजी बोलणं थांबवतील तं फूल दिसन.

गीताबाई : हसवू नको मले. मी रागात हाये. मंग?

कुलदीप : मंग म्या करून दाखवलं. त्यानं काय काय विचारलं, म्या सांगतलं. चार दिवसानं नोकरीचं पत्र आलं. पगार, राह्यची सोय, सुट्टी, सारं लिहेल हाये. मामानं त्याचा शब्दन् शब्द वाचला. आता ते लोक तिकडं परमिट काढून राह्यले.

उकंडराव : त्यांच्या कंपनीची नोंदणी मी वकिलाकरवी पडताळून घेतली. पत्रातील दोन कलमे मोघम होती. मी आक्षेप घेतला, त्यांनी ती सुधारून पाठविली.

गीताबाई : हे चांगलं केलं, भाऊ. याले मी नाव ठेवत नाई. पण मले काऊन नाई सांगतलं? तुमी दोघं इथं काकडी खाऊन राह्यले अन् मी तिथं बिलकिसच्या घरी जाऊन विचारो, का पोट्टे पकडल्या गेले तं त्यायले कोठी ठेवतात.

कुलदीप : माय...

गीताबाई : नाई, सांग. मले पाह्यचं हाये तुह्यापाशी काय जवाब हाये.

कुलदीप : बसस्टँडवर माहा बोर्ड लागेल होता. एवढा मोठा फोटो, मांग विमान. कडूबा काकानं हार घातला, दुकानापुढं पेढे वाटले. मामानं भाषण देल्लं. मंग मी दुसऱ्याच दिवशी त्याच बसस्टँडवर थैली घेऊन कोणत्या तोंडानं उतरू? पोट्टे म्हणतील, मस्कत कोठवर? तं मुंबईवर. म्हणून जालन्यावरून घरी न येता इकडं आलो. म्हटलं, पत्र येऊ दे, मंग सांगतो. पत्र आलं तं मामा म्हणे, व्हिसा येऊ दे, मंग सांगू.

गीताबाई : मामा म्हणे?

उकंडराव : म्हणालो. पत्र हे वचन आहे आणि व्हिसा ही सिद्धी. केवळ वचनाच्या बळावर एकदा पेढे वाटून झाले होते. त्याची पुनरावृत्ती नको, इतकाच माझा विचार होता.

गीताबाई : मले काय पेढे पाहिजे होते? भाऊ, माह्याकडं पाहून सांगा. हे त्याच्या अब्रूसाठी केलं, का तुमच्या भाषणासाठी?

उकंडराव : दोन्ही कारणे होती.

गीताबाई : कोणतं जादा?

उकंडराव : प्रमाण विचारू नकोस.

गीताबाई : समजलं.

उकंडराव : गीता, त्या सभेत मी म्हणालो होतो की हा मुलगा सीमोल्लंघन करीत आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजविल्या. त्या फलकावरचा मजकूरही माझाच. एवढे सगळे होऊन मुलगा माझ्या ओसरीवर बसून काकडी सोलतो आहे, हे लोकांना कसे सांगावे, याचे उत्तर मला सापडेना. आणि तू येऊन विचारशील, याची मला खरोखर धास्ती होती. तू विचारलेस, आता हलके वाटते.

गीताबाई : तो बोर्ड कवाचाच गेला, भाऊ.

उकंडराव : गेला म्हणजे?

गीताबाई : गणपतीतच. त्याच्यावर कोण्या पुढाऱ्याचा वाढदिवस लागला. आता त्याच्यावर बी ट्यूशन क्लासचा लागला.

उकंडराव : माझ्या मजकुरावरच?

गीताबाई : तुमच्या मजकुरावरच. कुलदीपचं तेवढं एक पायताण खालून दिसे, ते बी आता झाकलं.

उकंडराव : निदान उतरवून तरी लावावे.

कुलदीप : मंग लोक काय म्हणतात माय? माह्याबद्दल?

गीताबाई : काई नाई म्हणत. कडूबा काका एकडाव म्हणे, कुलदीपले म्हणा येताना खजूर आणजो. बस. लोकायले सोयाबीन काढाची पडली. तू मस्कतात हाये का मेहकरात हाये, याचं कोणाले काय घेणं? एक मलेच घेणं होतं, अन् मलेच तुमी नाई सांगतलं.

कुलदीप : चुकलं माय.

गीताबाई : चुकलं तं चुकलं. थैली भर. दुपारच्या गाडीनं घरी जाऊ.

उकंडराव : आज? व्हिसा यायचा आहे. थोडा विचार करून...

गीताबाई : विचार इथंच ठेवा. पोरगं कागदाची वाट पाह्यते तं घरी बसून पाहीन. दीपकच्या शेडनेटात माणूस कमी हाये, तोवर काम बी होईन. लपाले त्यानं काय चोरी केली?

उकंडराव : चोरी केलेली नाही. उलट, वेळीच थांबला. तटस्थपणे पाहिले तर परत फिरण्यात त्याने जी बुद्धी दाखविली, ती जाण्यात दाखविली नव्हती.

गीताबाई : हेच भाषण द्याचं होतं ना तवा.

उकंडराव : मीही बरोबर येतो. त्या सभेत मी बोललो होतो, तेव्हा ही दुरुस्तीही माझ्याच तोंडून व्हावी. कडूबांच्या दुकानापुढे दोन वाक्ये बोलेन.

कुलदीप : मामा, भाषण नोका देऊ.

गीताबाई : एकच वाक्य.

उकंडराव : एक. मात्र ते थोडे लांब असेल.

गीताबाई : अन् कडूबाच्या दुकानाआंधी बिलकिसच्या घरी जाऊ. ती बिचारी रोज माह्या संग दुवा मांगत होती. तिले पहिले पोरगं दाखवू दे.

कुलदीप : माय, एक विचारू? परमिट आलं तं जाऊ देशील ना मले?

गीताबाई : काऊन नाई? नोकरी हाये, पत्र हाये, मालकाचं नाव माहीत हाये.

कुलदीप : तुले भेव नाई वाटणार?

गीताबाई : वाटीन ना. पण आता तू कोठी जाऊन राह्यला, ते तं मले माहीत राहीन.