पात्याच्या टोकाशी

लसीच्या रांगेत बाळ माझ्या मांडीवर झोपलं होतं. शेजारी माझ्यासारखीच एक लेकुरवाळी आणि तिचा दीर हळू आवाजात बोलत होते.

"वहिनी, दादा गेल्यापासून कारखान्यात त्याच्या जागी पवनचक्कीच्या पात्याचं काचधाग्यांचं कापड साच्यात ते यंत्रच अंथरतं."

"माहितीये. तारांचे हातमोजे घालून त्यांनीच शिकवलं ना त्याला, त्यांचा हात हलेल तसाच हात हलवायला. घरी येऊन म्हणायचे, थोरलं पोरगं हुशार निघालं."

"ते पात्याच्या टोकाशी आलं की थांबतं. हात खाली सोडतं, दोनदा झटकतं, मग पुढे जातं."

"खांदा भरून यायचा त्यांचा. मी रोज शेकून द्यायचे."

"साहेब म्हणतात, वेळ जातो, तेवढं थांबणं त्याच्या शिकवणीतून पुसून टाक. माझा हात होईना. म्हटलं, आधी तुम्ही येऊन बघा. दादाच उभा आहे असं वाटतं."

"दिवसातून किती वेळा थांबतं?"

"चाळीसेक वेळा तरी."

"म्हणजे अजून दुखतोय."

"वहिनी, यंत्र आहे ते."

"मी नाही येत बघायला. तुम्ही आजच पुसा, भावजी. आठ महिने झाले त्यांना जाऊन, अजून किती दुखू द्यायचं?"