पुसलेला मेसेज

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या निवृत्त मास्तरांच्या कानावर शेजारच्या दोघी बहिणींचं बोलणं पडत होतं.

“ताई, माझं मेसेजचं ॲप मूळचं नाही, कुणीतरी फेरफार केलेलं आहे. समोरच्याने मेसेज पुसला तरी मला दिसतो.”

“मग काय दिसलं?”

“साहेबांनी चुकून ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं आणि लगेच पुसलं. ‘सगळ्या कॉम्प्युटरवर नवा मराठी फॉन्ट बसला, की बाईंना घरी बसवू.’”

“अगं बाई! बाई म्हणजे तू?”

“दुसरं कोण? फॉन्ट नसला की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन येतात. एकोणीस वर्षं ते निस्तरता निस्तरता डोळे गेले माझे.”

“किती कॉम्प्युटर राहिलेत?”

“एकच राहिला होता.”

“मग राहू द्यायचा की तसाच! बसू दे त्यांना चौकोन वाचत.”

“तेच ठरवलं होतं. पण तो पेन्शनच्या टेबलावरचा. नावाचे चौकोन झाले, की म्हाताऱ्यांचे अर्ज परत जातात गं.”

“म्हणजे बसवलास?”

“सकाळीच. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, ‘बाईंशिवाय आपल्या ऑफिसचं पान हलत नाही.’”

“आणि तू?”

“मी थँक्यू म्हणाले.”