धार न जाणारी सुरी

...नाही, पण मला एक सांगा, बशीला कधी धार असते का? आयुष्यात तुम्ही बशीने कांदा चिरलाय? नाही ना? मग आमच्या सूनबाईंनी आणलेली ती पांढरीशुभ्र सिरॅमिकची सुरी बघून मी हसलो, तर माझं काय चुकलं? पण अख्खं घर माझ्याकडे असं बघायला लागलं, जसं काही मी नव्या नवरीला नावं ठेवली. 'बाबा, ही गंजत नाही,' सूनबाई म्हणाल्या. 'हलकी किती आहे बघा. लिंबू कापा, टोमॅटो कापा, डाग पडत नाही, फळाला लोखंडाचा वास लागत नाही, आणि मुख्य म्हणजे महिनोन् महिने धार जात नाही.'

धार जात नाही म्हणे!

तुम्हाला सांगतो, तिथेच माझं हसू मावळलं. कारण निवृत्त झाल्यापासून या घरात मला विचारतो कोण? बाजारहाट आमची ही करते, नातवाचा अभ्यास सूनबाई घेतात, दिवा गेला, नळ गळला की मुलगा बघतो... माझ्याकडे एकच खातं, धारेचं. रविवारी सकाळी गॅलरीत दगड मांडायचा, वर पाणी शिंपडायचं आणि खर्र, खर्र सुरू करायचं, की शेजारच्या वहिनीसुद्धा आपली सुरी घेऊन दारात. 'भाऊजी, तुमच्या हाताची धार काही वेगळीच हो.' आता अशा वेळी माणूस फुगणार नाही तर काय? आणि सुऱ्या आमच्याकडे बोथट व्हायच्याही भराभर. का नाही होणार? ही सुरीने डब्यांची झाकणं उचकटते, मुलगा सुरीने स्क्रू पिळतो, सूनबाई खोकी फोडतात... मी तोंडाने करवादायचो, 'अरे, सुरी आहे का पहार?' आणि मनात म्हणायचो, चालू द्या बाबांनो, चालू द्या.

आणि आता ही आली. धार जात नाही म्हणे!

रविवार आला नि गेला, कुणी हाक मारली नाही. दुसरा गेला, तिसरा गेला... दगड कोरडा ठणठणीत. दुपारी सगळे झोपल्यावर मी चोरून एक पिकलेला टोमॅटो कापून बघितला. म्हटलं, आता तरी दबेल, चेंगरेल, माझी लाज राखेल. कसलं काय, पलीकडचं दिसेल एवढी पातळ चकती पडली! तो पुरावा मी तिथल्या तिथे खाऊन टाकला.

मग एका सकाळी हिने घट्ट बसलेलं झाकण उचकटायला सवयीने नेमकी तीच सुरी घातली आणि पिळली. टिच्च! टोक ओट्यावर. सूनबाई ते उचलून बघायला लागल्या, तशी ही आपणहून म्हणाली, 'झाकणच मेलं हट्टी.' आणि मी? खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. म्हटलं, 'आणा इकडे. घासून नवं टोक काढून देतो.' सगळे गॅलरीत जमले, मी बाह्या सरसावल्या, पाणी शिंपडलं, खर्र, खर्र, खर्र... घाम आला, श्वास लागला, खांदा भरून आला. उचलून बघतो तर सुरी जशीच्या तशी, आणि माझ्या दगडाला हा एवढा चर! मुलगा वाकून म्हणतो, 'बाबा, दगडाला धार आली का हो?'

सगळे हसले. मीही हसलो. पण आतून कसंसंच झालं... म्हटलं, उरलंसुरलं खातंही गेलं, आता बसा भिंतीकडे बघत.

ते सूनबाईंना कळलं असावं. त्यांनी दुसरी तशीच सुरी आणली आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात दिली. 'ही पडली की तुटते, पिळली की तुटते. तेव्हा हिला हात फक्त बाबांनी लावायचा. सुरीने सुरीचंच काम करणारं या घरात दुसरं आहे कोण?' अहो, ऊर भरून आला माझा.

पण हात फक्त मी लावायचा, म्हणजे चिरायचंही मीच, हे माझ्या डोक्यात दुसऱ्या दिवशी शिरलं. सकाळी कोबी, दुपारी गाजरं, संध्याकाळी नातवाचं सफरचंद, तेही सालं काढून. शेजारच्या वहिनी आता पिशवीभर कांदे घेऊन येतात. 'भाऊजी, तुमच्याकडे ती सुरी आहे ना...' आहे ना! पूर्वी कसं, कंटाळा आला की 'बोथट झाली बुवा' म्हणून उठता यायचं. आता काय सांगणार? धार जात नाही ना!

काल माझे डोळे कांद्याने गळताना बघून ही म्हणाली, 'दमला असाल तर थांबा जरा.'

म्हटलं, 'मी केव्हाचाच दमलोय गं, पण सुरी कुठे दमतेय?'