पोटाचं माप

बाबा : म्हणजे दुसऱ्यांदा परत पाठवलं?

नाहेद : दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदाही नाही म्हणाले, तर काम दुबईच्या कंपनीला. वर्ष घालवलंय मी त्या औषधाच्या डब्यांवर. सकाळची गोळी आणि रात्रीची गोळी, दोन्हींची डबी हुबेहूब सारखी. म्हातारी माणसं चुकतात, बाबा. मी रंग बदलले, अक्षर मोठं केलं, कंपनीचं नाव लहान केलं.

बाबा : मालकाचं नाव लहान केलंस आणि मालकालाच विचारलंस, कसं वाटतं?

नाहेद : हसू नका.

बाबा : दाखवलंस कसं?

नाहेद : मोठ्या पडद्यावर. संचालक मंडळाची अकरा माणसं होती. अगदी छापून आल्यासारखं चकचकीत.

बाबा : अकरा माणसांत! पोरी, या दुकानात तीन मंत्री येऊन गेलेत. एकाचंही पोट मी त्याच्या माणसांदेखत मापलं नाही. आधी त्यांना बाहेर चहा पाठवायचा, मग टेप काढायची.

नाहेद : हे शिवणकाम नाही, बाबा.

बाबा : आणि पहिल्या ट्रायलला कोट पुरता शिवायचा नाही. पुरता शिवलेला बघितला की गिऱ्हाईक हो म्हणतं नाहीतर नाही. कच्चे टाके दिसले की स्वतः हात घालतं. 'इथे जरा सैल करा, उस्ता.' मग तो कोट त्याचा होतो.

नाहेद : अर्धवट काम घेऊन गेले तर हसतील मला.

बाबा : आणि कॉलर कशी हवी, हे विचारायचंच नाही. त्याला काय कळतंय? कुठे घालून जाणार, ते विचार. कुणाला घाबरतोय, ते आपोआप बाहेर येतं.

नाहेद : माझी ट्राम चुकेल. शुक्रवारी येते.

बाबा : ये. अगं, तुझ्या ऑफिसातला रामी आला होता, पँट आखूड करायला. पाटी वाचून म्हणतो, आमच्या मॅडमचंही आडनाव वहबी, पण त्यांचे वडील कापडाची निर्यात करतात. मी म्हटलं, करत असतील बुवा.

नाहेद : बाबा, ते मी...

बाबा : पळ. आली बघ ट्राम.

(दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा गेले. चाळिसाव्या दिवसाची दुवा झाल्यावर मी कामावर आले. पुढचं बोलणं त्या औषध कंपनीचे अध्यक्ष शुक्री बे यांच्या खोलीतलं.)

शुक्री बे : बसा. वडिलांचं ऐकलं. अल्ला त्यांना जवळ करो. मंडळाला बोलावू आत?

नाहेद : आधी दहा मिनिटं आपण दोघंच बोलू. त्यांना बाहेर चहा देऊ या.

शुक्री बे : दोघंच? बरं. पडदा लावायचाय?

नाहेद : नको. पेन्सिलीची चित्रं आहेत, तीही अर्धी. त्याआधी एक सांगा. नवी डबी कुणाच्या हातात पडली, की तुम्हाला धास्ती वाटेल?

शुक्री बे : औषधाच्या दुकानदाराच्या. पन्नास वर्षं तो आमची हिरवी डबी लांबून ओळखतो. रंग बदलला की म्हणेल, माल नकली आहे. कंपनी वडिलांनी उभारली, ती माझ्या हातून बुडायला नको.

नाहेद : हे तुम्ही बैठकीत बोलला नाहीत.

शुक्री बे : बैठकीत माझे दोन पुतणे असतात. त्यांच्यापुढे भीती वाटते म्हणू?

नाहेद : मग हिरवा राहू द्या. चारी बाजू हिरव्या. फक्त झाकण वेगळं, सकाळचं पिवळं, रात्रीचं निळं.

शुक्री बे : आण ती पेन्सिल इकडे, मुली. इथे, पिवळ्यावर, सूर्य काढतो. माझ्या बहिणीला वाचता येत नाही. आणि निळ्यावर चंद्र. आमचं नाव असू दे लहान, पण काठाला घे.

नाहेद : सूर्य-चंद्र मला सुचले नव्हते.

शुक्री बे : मंडळाला मी समजावतो. तू नुसती मान हलव. काम तुझंच, दुबईला कळवून टाकतो. पण खरं सांग, तू फ्रान्सला शिकलीस ना, तिथल्या शाळेत शिकवतात हे?

नाहेद : नाही. तिथे नव्हतं हे.

शुक्री बे : मग घरातूनच आलं असणार. वडील निर्यातीत होते ना?

नाहेद : शिंपी होते, शुक्री बे. मन्शियाच्या बाजारात दुकान होतं. मी उस्ता वहबींची मुलगी.