हात वर होतोय का?

...हसू नका पावणं, एकच शब्द बोलायचा होता मला कोर्टात, 'न्हाय'! आणि त्योच निघंना! हात म्हणतोय न्हाय, तोंड म्हणतंय व्हय!

तुम्हास्नी सांगतो, मी आकाराम रंगारी, शिवाजी पेठेतला, आणि पेठेच्या टीमचा गोलकीपर. पायात खिळा घुसला म्हणून धनुर्वाताची लस घ्याय गेलतो, तर दवाखान्यातल्या गड्यानं दंड सोडून सुई खुपसली थेट खांद्याच्या सांध्यात! खिळा परवडला म्हणायची पाळी! तवापासनं हात वर जाईना. भिंत निम्मी रंगवायची आणि मालकाला म्हणायचं, 'वरचं तेवढं तुम्ही बघा!' कोण देतंय काम?

मग टाकली केस ग्राहक कोर्टात, नुकसानभरपाईची. आमच्या वकील क्रांती मॅडम म्हणाल्या, "आकारामभाऊ, साहेब विचारतील हात वर होतो का, तुम्ही फक्त न्हाय म्हणा. बाकी मी बघते." सोपं हाय की! घरात तालीम सुरू. बायको विचारायची "च्या घेणार?", मी "न्हाय!" च्याबी गेला!

आणि कोर्टात बघतो तर... मागच्या बाकड्यावर हंबीरराव! पलीकडच्या पेठेचा सेंटर फॉरवर्ड! बिघडल्याल्या फ्रिजची केस घेऊन आलेला, आणि मिशीत हसतोय! आता ह्याच्यासमोर हात वर होत न्हाय म्हणायचं? पुढल्या मॅचला सगळं गोल वरनंच हाणंल की त्यो!

साहेब म्हणाले, "हात... वर... होतो का?" हात म्हणतोय न्हाय, आणि तोंड? "व्हय की साहेब! न व्हायला काय झालंय?" मॅडमनी कपाळ बडवलं. "दाखवा." दाखवला! काडकन आवाज, डोळ्यापुढं काजवं, आई अंबाबाई आठवली, पण हात वर! "बरं, घ्या खाली." ...खाली कोण घेतंय? अडकला की! "घेतो की साहेब, घाई काय हाय?" केस फेटाळली, हंबीररावच्या फ्रिजची केस सुरू झाली, तरी माझा हात वरच! साहेब वैतागले, "अहो, तुम्हाला अजून काय विचारायचंय?"

तसाच बाहेर आलो. गेटवर पेठेतली पोरं! हात वर बघून त्यास्नी वाटलं, जिंकला गडी! हलगी काय, गुलाल काय, उचललं मला... त्याच खांद्याला धरून! "आकारामभाऊ, मिळाली न्हवं भरपाई?"

हात म्हणतोय न्हाय...

काय करता? येत्या ऐतवारी भरपाईच्या खुशीत रस्सामंडळ हाय, मटण-रश्श्याची पंगत. सगळी पेठ येणार. तुम्हीबी या, खर्च माझ्याकडंच हाय.